चेन्नई ते पोर्ट ब्लेअर : खिडकी डावी की उजवी?

पासिंग आउट परेडला महाराष्ट्रातून आलेल्या पालकांचा एक ठरलेला बेत असतो. एवढ्या लांब आलोच आहोत, तर अंदमानही पाहून येऊ. मग प्रश्न येतो, तिकीट काढताना डावीकडची खिडकी घ्यायची की उजवीकडची? उत्तरेही छातीठोकपणे मिळतात. कोणी म्हणतो डावीच, कोणी म्हणतो उजवीच, आणि दोघेही 'मी स्वतः पाहिलंय' असे सांगतात. दोघेही खरे बोलत असू शकतात. प्रश्न एवढाच की त्यांनी कोणत्या महिन्यात, किती वाजता आणि नेमके काय पाहिले.

नकाशावाचनाच्या तासाला जे शिकलो तेच वापरून हा प्रश्न कागदावर सोडवता येतो. प्रोट्रॅक्टर, पट्टी आणि अॅटलास एवढे पुरे.

आधी बेअरिंग काढू. चेन्नई विमानतळ साधारण १३ अंश उत्तर अक्षांशावर आणि ८०.२ अंश पूर्व रेखांशावर आहे. पोर्ट ब्लेअर (सप्टेंबर २०२४ पासून अधिकृत नाव श्री विजयपुरम) ११.६ अंश उत्तर आणि ९२.७ अंश पूर्व. रेखांशातला फरक साडेबारा अंश. या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०८.५ किलोमीटरचा भरतो, म्हणजे पूर्वेकडे साधारण १३६० किलोमीटर. अक्षांशातला फरक सव्वा ते दीड अंश, म्हणजे दक्षिणेकडे सुमारे १५० किलोमीटर. काटकोन त्रिकोण मांडला की कर्ण जेमतेम १३७० किलोमीटर येतो आणि पूर्वेपासून दक्षिणेकडचा कल सुमारे ६ अंश. बेअरिंग ९६ अंश. विमान जवळजवळ नाकासमोर पूर्वेला जाते, किंचित दक्षिणेकडे झुकून.

आता घड्याळी पद्धत लावा. विमानाचे नाक म्हणजे १२, उजवी खिडकी ३, डावी खिडकी ९. नाक ९६ अंशांवर असेल तर ३ वाजता दक्षिण आणि ९ वाजता उत्तर. आपल्याकडे या मार्गावर जी विमाने जातात त्यांत 'ए' ही डावीकडची खिडकी आणि 'एफ' ही उजवीकडची. म्हणजे 'ए' घेणारा उत्तर पाहतो आणि 'एफ' घेणारा दक्षिण.

इथे बरेच जण थांबतात आणि 'बेटे कुठे आहेत, उत्तरेला की दक्षिणेला' असे विचारतात. पण दोन तासांच्या या प्रवासात मधला सगळा भाग बंगालचा उपसागर आहे. पाणी, ढग, ढगांच्या सावल्या, एखादे जहाज. त्या वेळी डावी काय आणि उजवी काय. पाहण्यासारखे जे आहे ते सुरुवातीच्या पाच मिनिटांत आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत. आणि नेमके त्याच वेळी विमान ९६ अंशांवर नसते. म्हणून जागा निवडायची ती उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या धावपट्टीकडे पाहून.

धावपट्टीचा क्रमांक हेच तिचे बेअरिंग असते, शेवटचे शून्य गाळून. चेन्नईच्या मुख्य धावपट्टीचे क्रमांक ०७ आणि २५ आहेत, म्हणजे एका बाजूने ७० अंश आणि उलट बाजूने २५०. विमान वाऱ्याला तोंड देऊन उडते. ईशान्य मोसमी वाऱ्याच्या दिवसांत, म्हणजे बहुतेक पालक ज्या हिवाळ्यात येतात तेव्हा, उड्डाण ०७ वरून, थेट समुद्राकडे. तेव्हा उजवीकडे क्रमाने गिंडीचे राष्ट्रीय उद्यान, आयआयटीची झाडी आणि मग अड्यार नदीचे मुख दिसावे. वाळूचा दांडा, खाडीतले हिरवट पाणी, दक्षिण काठावर थिऑसॉफिकल सोसायटीची दाट झाडी आणि पलीकडे बेझंट नगरचा किनारा. डावीकडे मरीना आणि तिच्या टोकाला चेन्नई बंदर. वारा नैर्ऋत्येचा असेल तर विमान आधी पश्चिमेला, तांबरम-पोरूरच्या बाजूला उडते आणि मग वळते. तेव्हा हे चित्र पार बदलते.

या बंदराकडे मराठी माणसाने जरा थांबून पाहावे. १९११ मध्ये विनायक दामोदर सावरकरांना जन्मठेपेसाठी अंदमानात नेले ते इथूनच, तेव्हाच्या मद्रासहून, 'महाराजा' नावाच्या जहाजाने. ४ जुलै १९११ रोजी ते पोर्ट ब्लेअरला पोचले. जे पाणी आपण दोन तासांत ओलांडतो ते ओलांडायला त्या जहाजाला दिवसच्या दिवस लागले, आणि जहाजाच्या तळघरात साखळदंडात बसलेल्या माणसाला कोणत्या बाजूला काय दिसते हा प्रश्नच नव्हता. आज ज्या विमानतळावर आपण उतरतो त्याला त्यांचेच नाव आहे.

आता उतरण्याकडे येऊ, कारण खरा खजिना तिथे आहे. पोर्ट ब्लेअरच्या धावपट्टीचे क्रमांक ०४ आणि २२. ईशान्य टोकाकडे डोंगराळ भाग असल्याने नैर्ऋत्येकडून, समुद्राच्या बाजूने, ४० अंशांवर उतरणे हा तिथला नेहमीचा मार्ग. म्हणजे ९६ वर येणारे विमान आधी दक्षिणेला सरकते आणि मग डावीकडे वळून ४० वर येते. नाक ४० वर गेले की उजवी खिडकी १३० अंशांकडे तोंड करते, म्हणजे आग्नेयेला, आणि डावी ३१० कडे, म्हणजे वायव्येला.

अॅटलासवर विमानतळापासून उलट दिशेने, २२० अंशांवर, एक रेघ ओढा. वीसेक किलोमीटरवर ती जॉली बॉय बेटाच्या अगदी जवळून जाते. म्हणजे विमान महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानावरून येते. १९८३ मध्ये घोषित झालेल्या या उद्यानात १५ बेटे आहेत. रेघेच्या डाव्या अंगाला रेडस्किन, त्यापलीकडे तारमुगली आणि वंडूरचा किनारा. उजव्या अंगाला रटलंड हे मोठे डोंगराळ बेट, आणि ते व दक्षिण अंदमान यांच्या मधली मॅकफर्सन सामुद्रधुनी. जॉली बॉय मात्र पोटाखाली जाते, ते कोणालाच नीट दिसत नाही. ज्या बेटाचे नाव सगळ्यांना ठाऊक त्याचीच ही गत.

दोन्ही बाजूंना बेटे आहेत, मग निवड कशावर करायची? सूर्यावर. समजा डिसेंबरात विमान सकाळी सातला सुटले आणि नऊच्या सुमारास पोर्ट ब्लेअरला पोचले. घड्याळ जरी भारतीय प्रमाणवेळेचे असले तरी पोर्ट ब्लेअर ८२.५ अंशांच्या प्रमाण रेखावृत्ताच्या १० अंश पूर्वेला आहे. दर अंशाला ४ मिनिटे, म्हणजे तिथला सूर्य घड्याळाच्या ४० मिनिटे पुढे. घड्याळात नऊ म्हणजे सूर्यानुसार पावणेदहा होत आलेले. तेव्हा डिसेंबरातला सूर्य साधारण १३५ अंशांवर, आग्नेयेला असतो. उजवी खिडकी कुठे पाहते आहे? १३० अंशांकडे. म्हणजे ऊन बरोबर उजव्या खिडकीवर.

सूर्य ज्या बाजूला, त्या बाजूचे पाणी आरशासारखे चकाकते. त्या चकाकीखाली प्रवाळ, वाळू, खोली काहीच दिसत नाही; दिसते ती बेटांची काळी कड. उलट, सूर्य पाठीशी असला की उजेड पाण्यात शिरून तळावरून परत येतो. मग उथळ वाळूवर फिकट पोपटी, प्रवाळावर तपकिरी ठिपके, खोल पाण्यात गडद निळा असे पट्टे वेगळे होतात. नाविक याच रंगांवरून खोलीचा अंदाज घेत आले आहेत. सकाळी उतरताना हा सूर्य-पाठीशी असलेला मान डावीकडच्या 'ए' खिडकीला मिळतो. उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडे सरकतो, तरी सकाळी तो ४० अंशांच्या उजवीकडेच राहतो. त्यामुळे सकाळच्या विमानासाठी हा हिशेब वर्षभर टिकतो. पावसाळ्यात अर्थात ढगच इतके की हिशेब बाजूला ठेवून मिळेल ती खिडकी घ्यावी.

माझा कौल, जाताना 'ए'.

पण एक गोष्ट उजवीकडची सोडावी लागते, आणि ती सोडताना मला स्वतःला जड जाते. उत्तर सेंटिनेल. पोर्ट ब्लेअरच्या पश्चिमेला सुमारे ५० किलोमीटरवर हे बेट आहे, क्षेत्रफळ सुमारे ६० चौरस किलोमीटर. चेन्नईहून निघालेली सरळ रेघ त्याच्या उत्तरेकडून, पंधराएक किलोमीटरवरून जाते, म्हणजे बेट उजवीकडे. विमान तोवर ३ किलोमीटर उंचीवर आले आहे असे धरू. ३ भागिले १५, म्हणजे दृष्टिरेषा क्षितिजाखाली सुमारे ११ अंश. हात ताठ करून धरलेली मूठ साधारण १० अंश झाकते हे तुम्ही मैदानावर शिकलाच आहात. तेव्हा क्षितिजापासून एक मूठ खाली पाहा. बेट सात-आठ किलोमीटर रुंद, म्हणजे या अंतरावरून जवळजवळ तीन मुठी रुंद दिसेल. चुकायला जागा नाही. मात्र उतरण्यासाठी विमान आधीच दक्षिणेला वळले, तर ते बेटाच्या अगदी जवळून जाते आणि कधी बेट पोटाखालीही जाते. त्या बेटावर जायला बंदी आहे आणि तिथल्या लोकांना एकटे राहू देणे हेच सरकारचे धोरण आहे. बहुतेकांना ते पाहायला मिळाले तर असेच, वरून.

आणि इथे या दोन खिडक्यांचा खरा धडा आहे. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपाने अंदमानची जमीन सारखी हलवली नाही, ती कलली. पश्चिमेकडची आणि उत्तरेकडची बाजू उचलली गेली, पोर्ट ब्लेअरची बाजू खचली. उत्तर सेंटिनेल वर आले. त्याच्याभोवतीचे प्रवाळ पाण्याबाहेर येऊन मेले आणि बेटाचा किनारा रुंदावला. हिरव्या जंगलाभोवती दिसणारी फिकट कड ही त्या उचलण्याची खूण. दक्षिण अंदमान मात्र सुमारे एक मीटरने खाली गेले. धावपट्टीच्या पाचेक किलोमीटर अलीकडे, डावीकडे, सिप्पीघाट येते. तिथल्या शेतांत समुद्राचे पाणी शिरले आणि परत गेलेच नाही. एकेकाळच्या बांधांच्या जागी आता उथळ पाणी पसरलेले दिसते. शेत बुडाले म्हणजे पूर ओसरल्यावर परत येते, असा आपला देशावरचा अनुभव. इथे जमीनच खाली गेली, पाणी ओसरणार कुठे?

म्हणजे उजव्या खिडकीत वर आलेली जमीन आणि दहा मिनिटांनी डाव्या खिडकीत खाली गेलेली जमीन. एकच भूकंप. एका जागेवर बसून दोन्ही क्वचितच दिसतात. त्याच सकाळी आणखी दक्षिणेला, कार निकोबारच्या हवाई दल तळावर सुनामीत शंभराहून अधिक जवान आणि त्यांचे कुटुंबीय गेले. तो तळ या मार्गावरून दिसत नाही. पण सिप्पीघाटचे पाणी पाहताना त्याची आठवण व्हावी.

दोघे कॅडेट एकत्र जाणार असाल तर शेजारशेजारच्या जागा घेऊ नका. एकाच रांगेत एकाने 'ए' घ्यावी, दुसऱ्याने 'एफ'. विमान खाली येऊ लागल्यापासून प्रत्येकाने वहीत तीनच गोष्टी लिहाव्यात, मिनिट, घड्याळी दिशा आणि काय दिसले. उदाहरणार्थ, '८ वाजून ५२, ४ वाजता, चौकोनी बेट, फिकट किनार'. उतरल्यावर दोन्ही वह्या एका नकाशावर मांडा. एकाची नोंद दुसऱ्याला दुरुस्त करते. निरीक्षण चौकीवरच्या जोडीचे कामही याहून फार वेगळे नसते.

वहीच का, मोबाइल का नाही? पोर्ट ब्लेअरचा विमानतळ नौदलाच्या आयएनएस उत्क्रोश या तळाच्या धावपट्टीवर चालतो. तिथे विमानातून किंवा जमिनीवरून छायाचित्र काढायला मनाई आहे आणि तशी घोषणाही होते. घोषणा झाल्यावरही मोबाइल खिडकीला चिकटवणारे प्रवासी असतातच. पालकांना विनंती, निदान गणवेशातल्या मुला-मुलीच्या शेजारी बसून ते करू नका. त्याला किंवा तिला आपल्याच आईला टोकावे लागते. कर्मचाऱ्यांनी खिडकीचा पडदा खाली घ्यायला सांगितला तर तो घ्यायचा, हिशेब कितीही बरोबर असला तरी. आणि वहीत बेटे काढा, किनारे काढा. तळ, धावपट्टी, उभी विमाने काढू नका.

रांग कोणती? पंख सोडून. या मार्गावरच्या बहुतेक विमानांत साधारण १० ते २० या रांगांच्या खाली पंख येतो. जागेच्या तक्त्यावर तो दाखवलेला असतो. पुढच्या रांगांना जास्त पैसे पडतात. मागच्या रांगा स्वस्त असतात, पण इंजिनामागच्या गरम हवेने दृश्य थोडे थरथरते. उतरताना पंखाच्या मागच्या झडपा खाली येतात, तोही थोडा अडथळा. तरी पंखावरच्या जागेपेक्षा शेवटच्या पाच रांगा बऱ्या. डॉर्नियरमध्ये बसायची संधी पुढे कधी मिळाली तर पाहा, तिथे पंख डोक्यावर असतो. समुद्रावर टेहळणीसाठी ते विमान वापरतात त्यामागचे हेही एक कारण, खाली पाहताना मध्ये काही येत नाही.

परतीचा हिशेब सोपा आहे. उड्डाण बहुधा २२ वरून, म्हणजे २२० अंशांवर, आल्या वाटेनेच. आता रेडस्किन, तारमुगली उजवीकडे येतात. दुपारच्या विमानात हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेला, म्हणजे नाकाच्या डावीकडे. पश्चिमेला वळल्यावर तर तो पुरता डाव्या खिडकीत येतो. म्हणून येताना 'एफ'. नीट पाहिले तर जाताना 'ए' आणि येताना 'एफ' या नकाशाच्या दृष्टीने एकाच बाजूच्या खिडक्या आहेत. फक्त सेंटिनेलचा मोह असेल तर जाताना 'एफ' आणि येताना 'ए' घ्यावी, आणि प्रवाळाच्या रंगांवर पाणी सोडावे.

चेन्नईला पश्चिमेकडून, ०७ वर उतरलात तर डावीकडे चेंबरमबाक्कमचा मोठा तलाव दिसतो. डिसेंबर २०१५ मध्ये या तलावातून सोडलेले पाणी आणि वरून कोसळणारा पाऊस अड्यारमध्ये मावला नाही. नदी विमानतळात शिरली आणि विमानतळ काही दिवस बंद राहिला. इथली दुसरी धावपट्टी अड्यारवर पूल बांधून पलीकडे नेलेली आहे. तेही वरूनच नीट कळते.

एक प्रश्न कॅडेट नेहमी विचारतात, परमवीरांच्या नावांची बेटे खिडकीतून दिसतात का? २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमानातल्या २१ बेटांना २१ परमवीर चक्र विजेत्यांची नावे दिली गेली. त्यांत कारवारकडचे, बॉम्बे सॅपर्सचे रामा राघोबा राणे आहेत. आणि मेजर रामस्वामी परमेश्वरन आहेत. जन्म मुंबईचा, प्रशिक्षण इथल्या ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये, १९७२ मध्ये महार रेजिमेंटमध्ये कमिशन, आणि २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत वीरमरण. या २१ पैकी १६ बेटे उत्तर व मध्य अंदमान जिल्ह्यात आहेत, म्हणजे आपल्या मार्गाच्या बरीच उत्तरेला. बहुतेक लहान, जंगलाने भरलेली, माणूस नसलेली. तेव्हा सरळ उत्तर असे की प्रवासी विमानातून ती ओळखता येणार नाहीत. पण ९६ अंशांवर जाताना 'ए' खिडकी ज्या उत्तरेकडे पाहते, त्या बाजूला ती आहेत. निघण्याआधी अॅटलासवर त्यांच्या जागा शोधून पेन्सिलीने खुणा करून ठेवा.

सुटीत चेन्नईहून पुण्याला विमानाने जाणाऱ्यांसाठी स्वाध्याय : पुणे विमानतळ सुमारे १८.६ अंश उत्तर, ७३.९ अंश पूर्व. धावपट्टीचे क्रमांक १० आणि २८. विमान दुपारी चारला पोचते आणि पश्चिमेचा वारा आहे असे धरा. बेअरिंग काढा, ऊन कोणत्या खिडकीवर येईल ते सांगा, आणि ते विमानतळही हवाई दलाचे आहे हे लक्षात ठेवून मोबाइल कुठे ठेवाल तेही लिहा.